‘दोघी जा गं’ : शाळेत सगळ्यांना दिसतं, मग सांगत कोणीच का नाही?

आमच्या शाळेत मुलींमध्ये एक नियम होता. पीटीच्या सरांच्या खोलीत मैदानाची किल्ली द्यायला जायचं असेल तर एकटीने जायचं नाही. हा नियम कुठल्याही फळ्यावर लिहिलेला नव्हता. वरच्या वर्गातल्या मुलींनी तो आम्हाला सांगितला, पुढे आम्ही तो खालच्या वर्गातल्या मुलींना सांगितला. का, ते कोणी बोलायचं नाही आणि कोणी विचारायचंही नाही. एकदा मी किल्ली घेऊन वर्गातून निघाले, तेव्हा गणिताच्या बाई वह्या तपासत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “दोघी जा गं.”

म्हणजे बाईंनाही माहीत होतं.

शाळेतल्या अत्याचाराची बातमी आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : इतके दिवस कोणालाच कसं कळलं नाही? ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत बालवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हाही हाच प्रश्न घराघरात होता. पुढे एक बातमी आली, ती मात्र अनेकांना नीट कळली नाही. गुन्हा केल्याचा आरोप असलेल्या माणसाबरोबरच शाळेच्या व्यवस्थापनातल्या लोकांवरही गुन्हा दाखल झाला. त्यांच्यावरचा आरोप होता कळवलं नाही हा. न कळवणं हाही गुन्हा असतो? कोणासाठी? शिपायासाठीही? दुसऱ्या मुलाच्या आईसाठीही? या लेखात तेच उलगडून बघू.

आधी दोन शब्द

पहिला शब्द पॉक्सो. ‘लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२’ या लांबलचक नावाच्या कायद्याचं हे इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेलं नाव. तो १४ नोव्हेंबर २०१२ ला, म्हणजे बालदिनी लागू झाला. अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल त्यात येतं, मुलगा असो वा मुलगी. ‘मुलगा असो’ हे मुद्दाम सांगतेय. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं, आणि अशा मुलांमध्ये मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा किंचित जास्तच होतं. तरी आमच्या वेळचा नियम फक्त मुलींपुरता होता. मुलांचं काय चाललं होतं, ते कोणाच्या मनातही आलं नाही.

दुसरा शब्द ‘बघणारा’. ज्याने काही केलेलं नाही आणि ज्याच्यावर काही झालेलं नाही, पण ज्याने पाहिलं, ऐकलं किंवा ज्याला नुसतं खटकलं, तो या लेखापुरता बघणारा. शाळेत असे लोक डझनाने असतात. वर्गशिक्षक, शिपाई, स्वच्छता करणाऱ्या मावशी, बसचे काका, शिकवणीला सोडायला येणारे पालक, शेजारच्या बाकावरचा मुलगा.

छळ म्हणजे फक्त लैंगिक छळ असंही नाही. मारहाण, अपमान, उपाशी ठेवणं, घरातला जाच हे सगळं शाळेच्या दारातून रोज आत येतं किंवा आतच घडतं. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोन्हींवर बंदी घातली आहे. ‘आम्हीही मार खाऊनच शिकलो’ म्हणणाऱ्यांना हे सांगितलं की ते हसतात, तो भाग वेगळा.

टाकी वाहतेय, फोन कोणी केला?

सोसायटीच्या गच्चीवरची टाकी भरून वाहू लागते. पाणी पडल्याचा आवाज सगळ्या मजल्यांवर जातो. प्रत्येक घरात कोणीतरी म्हणतं, “टाकी वाहतेय वाटतं.” आणि पुन्हा आपापल्या कामाला लागतं, कारण वॉचमनला कोणीतरी फोन केलाच असेल. बंगल्यात एकट्याने राहणाऱ्या माणसाची टाकी वाहिली तर तो उठून जातो. चाळीस घरांची टाकी अर्धा तास वाहत राहते.

मानसशास्त्रात हे मोजून पाहिलेलं आहे. १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका तरुणीचा खून झाला आणि अडतीस लोक नुसते बघत राहिले, अशी बातमी गाजली. त्या बातमीत बरीच अतिशयोक्ती होती, हे पुढे ती छापणाऱ्या वर्तमानपत्रानेही कबूल केलं. पण तिच्यामुळे जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोघांनी प्रयोग सुरू केले. १९६८ च्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून माइकवरून गप्पा मारायला सांगितलं. मध्येच पलीकडच्या एकाला झटका आल्यासारखा आवाज येऊ लागतो. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातल्या ८५ टक्क्यांनी तो आवाज थांबायच्या आत मदत मागितली. आणखी चौघे ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यात हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं. माणसं तशीच, आवाजही तोच, बदलला होता तो फक्त इतरही ऐकताहेत हा समज.

दुसरा प्रयोग मला जास्त अस्वस्थ करतो. खोलीत धूर शिरतोय. एकटा माणूस असेल तर चारांपैकी तिघे उठून सांगायला जातात. पण शेजारी दोन माणसं निर्विकारपणे कागद भरत बसलेली असतील (ती प्रयोगकर्त्यांनीच बसवलेली), तर दहांपैकी एकच उठतो. बाकीचे डोळे चोळत, खोकत फॉर्म भरत राहतात. शेजारचा शांत आहे, म्हणजे काही विशेष नसणार. शेजारचाही आपल्याकडे बघून तेच ठरवत असतो.

आता ही खोली म्हणजे स्टाफरूम समजा. शिवाय तिथे ज्येष्ठता आहे, कायम होण्याची वाट बघणारे आहेत, संस्थाचालकांचे नातेवाईक आहेत. धूर दिसत असूनही पहिलं कोण उठेल, हे तिथे धुरावर कमी आणि पगारपत्रकावर जास्त ठरतं.

प्रत्येकाच्या हातात एकेकच तुकडा

भिडस्तपणा हे अर्धंच कारण झालं. उरलेलं कारण असं की, एकेकट्या माणसाला दिसतं ते खरोखरच किरकोळ असतं.

समजा चौथीतली एक मुलगी आहे. वर्गशिक्षिकेला दिसतं की तिचं अक्षर अचानक बिघडलंय. बसच्या काकांना दिसतं की ती हल्ली सगळ्यात शेवटी उतरते. मावशींना माहीत आहे की ती मधल्या सुट्टीत बराच वेळ स्वच्छतागृहात असते. हजेरीपत्रक सांगतं की या महिन्यातले तिचे सगळे खाडे गुरुवारचे आहेत. वेळापत्रक सांगतं की गुरुवारी संगणकाचा तास असतो. हे पाचही तुकडे एका टेबलावर आले तर कोणालाही प्रश्न पडेल. पण ते पाच डोक्यांत आहेत आणि ही पाच माणसं कधी एका टेबलावर बसत नाहीत. मावशींना तर टेबलच नसतं.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात २०१२ मध्ये चार वर्षांचा एक मुलगा घरातल्या छळाने गेला. आई आणि तिचा जोडीदार दोषी ठरले. त्यानंतरच्या अधिकृत चौकशीत पुढे आलं ते वाचवत नाही. शाळेत तो कचऱ्याच्या डब्यातून आणि इतर मुलांच्या डब्यांतून खाणं घ्यायचा, हे शिक्षकांना माहीत होतं. त्याला खाण्याचा काही विकार आहे, असं आईने सांगितलं होतं आणि ते पटलंही होतं. अंगावरच्या जखमा वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या दिवशी पाहिल्या होत्या. त्याआधी हात मोडला म्हणून त्याला रुग्णालयातही नेलं होतं. प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र खुलासा होता. आणि त्या मुलाशी बसून ‘घरी कसं असतं रे?’ असं कोणी बोलल्याची एकही नोंद सापडली नाही.

आपल्याकडची खुलभर दुधाची कहाणी आठवते? राजाच्या हुकमाने गावातलं सगळं दूध ओतूनही महादेवाचा गाभारा भरत नाही, आणि एका म्हातारीच्या खुलभर दुधाने भरतो. शाळेत ते खुलभर दूध बहुतेक वेळा मावशींकडे, बसच्या काकांकडे किंवा शेजारच्या बाकावर असतं. त्यांना कोणी विचारत नाही आणि त्यांना वाटतं, आपल्या एवढ्याशाने काय होणार.

खुणा कोणत्या, आणि कोणाच्या?

मुलांमधल्या खुणांच्या याद्या सगळीकडे असतात, म्हणून थोडक्यात सांगते. एखादी जागा, माणूस किंवा तास टाळणं. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे कपडे. बसताना दुखणं. सुटलेली सवय परत येणं, म्हणजे अंथरूण ओलं करणं किंवा अंगठा चोखणं. वयाला न शोभणारं लैंगिक बोलणं किंवा खेळ. कुठून आला ते न सांगता येणारा मोबाइल. यातली कुठलीही एक खूण म्हणजे पुरावा नव्हे. घरात बाळ आलं तरी मूल अंथरूण ओलं करतं. बघायचं ते दोन गोष्टींकडे : बदल अचानक आहे का, आणि खुणा एकमेकींना जाऊन मिळताहेत का.

माझ्या मते आपण चुकीच्या बाजूला बघत बसतो. चार वर्षांच्या मुलाला ‘गुड टच, बॅड टच’ शिकवतो, त्याने स्वतःचं रक्षण करावं, नाही म्हणावं, ओरडावं, घरी येऊन सांगावं अशी अपेक्षा ठेवतो, आणि चाळिशीतल्या शिक्षकांना मात्र सहकाऱ्याच्या वागण्यात काय बघायचं याचा एकही तास नसतो. मुलं सांगत नाहीत, सांगू शकत नाहीत. ऑस्ट्रेलियात २०१३ ते २०१७ या काळात राष्ट्रीय आयोगाने शाळा, चर्च, वसतिगृहं अशा संस्थांमधल्या बाललैंगिक छळाची चौकशी केली. हजारो पीडितांनी तिथे आपली हकिगत सांगितली. पहिल्यांदा कोणालातरी सांगायला त्यांना सरासरी जवळजवळ चोवीस वर्षं लागली होती. मुलाच्या सांगण्याची वाट बघायची म्हणजे इतकी.

मोठ्या माणसाच्या खुणा त्यामानाने उघड्यावर असतात. अत्याचार करणारा बहुतेक वेळा आधी विश्वास पेरतो. मुलाचा, त्याच्या पालकांचा आणि सहकाऱ्यांचाही. याला इंग्रजीतून आलेला शब्द आहे ग्रूमिंग, आपल्या भाषेत जाळं विणणं. एकच मूल ‘लाडकं’ असतं. त्याला खाऊ, भेटी, जास्तीचे गुण. त्याच्याशी रात्री मोबाइलवर वेगळं बोलणं. शाळा सुटल्यावर एकट्याला थांबवणं, दार लावून शिकवणं, गाडीवरून घरी सोडणं. प्रत्येक वेळी छोटासा नियम मोडलेला आणि प्रत्येक वेळी कारण अगदी चांगलं : “पोर हुशार आहे हो, घरी कोणी बघत नाही, म्हणून मी वेळ देतो.” यातही निष्पाप माणसं असतात, खूप असतात. म्हणूनच नियम माणसाकडे बघून न लावता प्रसंगाकडे बघून लावायचा. दार उघडं राहील, मग आत कोणीही असो. चांगल्या शिक्षकाला त्याचा त्रास होत नाही.

कायदा तुमच्याकडून नेमकं काय मागतो?

जुन्या मराठीत एक नेमका शब्द आहे, वर्दी. आग दिसली की अग्निशमन दलाला वर्दी द्यायची. आग कशाने लागली, कोणी लावली, किती नुकसान झालं हे वर्दी देणाऱ्याला विचारत नाहीत. तो पंचनाम्याचा भाग आणि तो करणारे लोक वेगळे.

पॉक्सोचं कलम १९ तुमच्याकडून वर्दीच मागतं. असा गुन्हा घडल्याचं ज्याला माहीत आहे, किंवा घडेल अशी ज्याला धास्ती वाटते, त्या कोणत्याही व्यक्तीने स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचं. ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणजे शिपाई आला, डॉक्टर आला, दुसऱ्या मुलाची आईही आली. पोलिसांनी ती माहिती लेखी घेऊन तिला नोंद क्रमांक द्यायचा आणि सांगणाऱ्याला वाचून दाखवायची. तो क्रमांक मागून घ्या. पुढे चोवीस तासांच्या आत पोलिसांनी बालकल्याण समितीला आणि न्यायालयाला कळवायचं असतं.

न कळवल्यास कलम २१ लागतं. सामान्य माणसाला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. न कळवणाऱ्या मुलांना मात्र या शिक्षेतून वगळलं आहे.

हे कलम फक्त कागदावर आहे असं वाटत असेल तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचं प्रकरण बघा. वसतिगृहातल्या अल्पवयीन आदिवासी मुलींवर अत्याचार झाले होते. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना हे कळूनही त्यांनी पोलिसांना कळवलं नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्यावरचा गुन्हा रद्द केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. माहिती असूनही न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, खटला सुरुवातीलाच गुंडाळता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

“पण माझी शंका चुकीची निघाली तर? एखाद्याचं आयुष्य उद्ध्वस्त होईल.”

हा आक्षेप खरा आहे आणि तो घेणारी माणसं बहुधा सज्जन असतात. त्याला कायद्याचं उत्तर दोन भागांत आहे. कलम १९ मध्येच म्हटलंय की सद्भावनेने दिलेल्या माहितीसाठी कोणावरही दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होणार नाही. कलम २२ खोट्या तक्रारीला शिक्षा सांगतं, पण ती अपमान, खंडणी, धमकी किंवा बदनामी या हेतूने केलेल्या खोट्या तक्रारीला. चुकलेल्या शंकेला शिक्षा नाही.

उलट बाजूही आहे. ‘तुम्हाला कळायला हवं होतं’ असं म्हणून कायदा कोणालाही उचलून आत टाकत नाही. २०१८ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की माहिती असणं म्हणजे माहिती मिळालेली असणं. स्वतः तपास करून ती गोळा करण्याचं बंधन या कलमात नाही. म्हणजे शिक्षकाने हेर व्हावं ही अपेक्षा नाही.

राहिला प्रश्न आयुष्य उद्ध्वस्त होण्याचा. सांगायचं ते निष्कर्षाच्या भाषेत सांगितलं की माणूस उद्ध्वस्त होतो. “अमुक सर तसले आहेत” हे स्टाफरूममध्ये कुजबुजणं ही बदनामी. “मंगळवारी सहा वाजता संगणककक्षाचं दार आतून बंद होतं, आत सर आणि एक मुलगी होती, हे मी पाहिलं” ही माहिती. गंमत अशी की पहिलं वाक्य आपण अगदी सहज बोलतो, आणि दुसरं बोलायला घाबरतो.

“आधी आपण आपल्या पातळीवर चौकशी करू.”

घरात गॅसचा वास आला तर गळती कुठे आहे ते बघायला कोणी काडी पेटवत नाही. शाळेची अंतर्गत चौकशी ही अनेकदा तीच पेटवलेली काडी असते. ज्याच्यावर संशय आहे त्याला बोलावून विचारलं जातं, म्हणजे तो सावध होतो, मोबाइल साफ होतो. मग मुलाला बोलावतात, पाच मोठ्या माणसांसमोर उभं करतात, कधी समोरासमोरही आणतात. मूल गप्प होतं किंवा शब्द बदलतं. मग अहवालात लिहिलं जातं, ‘तथ्य आढळले नाही’.

याच मुलाचा जबाब कायद्याने कसा घ्यायचा ते बघितलं की फरक कळतो. पोलीस ठाण्यात न बोलावता मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता. रात्री मुलाला ठाण्यात थांबवायचं नाही. प्रत्यक्षात हे नेहमी पाळलं जातं असं मी म्हणणार नाही. पण ही काळजी मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये तर मुळीच नसते.

शाळेने संस्था म्हणून करायच्या गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या जरूर कराव्यात : संशयित माणसाला मुलांपासून दूर ठेवणं, सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवणं, मुलाच्या शिक्षणात खंड पडू न देणं. राज्यात तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमायची समिती) याबद्दलचे शासन निर्णयही आहेत. मी पाहिलेल्या एका शाळेत तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी होती आणि तिच्या बरोबर वर कॅमेरा. पेटीवर धूळ होती.

“मी वरिष्ठांना सांगितलं. माझं काम झालं ना?”

नाही. कलमात ‘वरिष्ठांना’ हा शब्दच नाही. मुख्याध्यापकांना सांगायला हरकत काहीच नाही, सांगावंच. पण त्यांनी पुढे कळवलं का, हे विचारायची जबाबदारी तुमच्यावरच उरते. “बघतो मी” या उत्तराला मुदत नसते. पोलिसांकडे जायला पाय उचलत नसेल तर मुलांसाठीचा १०९८ हा फुकट आणि चोवीस तास चालणारा क्रमांक आहे, आणि तातडीच्या वेळी ११२. तिथे फोन केला की मदत करणाऱ्या यंत्रणेपर्यंत विषय पोचतो. पण मुलाला धोका आहे असं दिसत असेल तर कायद्यातली वर्दी पोलिसांकडेच, हे लक्षात असू द्या.

“मुलीच्या आईवडिलांनाच नको असेल तर?”

सगळ्यात अवघड प्रश्न हा आहे. कलम १९ मध्ये पालकांच्या संमतीची अट नाही. आईवडीलही ‘कोणतीही व्यक्ती’ मध्येच येतात, आणि कधीकधी छळ करणारा घरातलाच असतो. तरी पालकांना जी भीती असते, ती पोकळ म्हणता येत नाही. गावात नाव होईल, लग्नाच्या वेळी कोणीतरी उकरून काढेल, कोर्टाचे हेलपाटे. त्यांना निदान एवढं सांगता येतं की कलम २३ नुसार मुलाचं नाव, पत्ता, छायाचित्र, शाळा, कुटुंब अशी ओळख पटेल अशी कुठलीही गोष्ट माध्यमांना छापता येत नाही. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘कोणाची मुलगी आहे ती?’ विचारणाऱ्यांनीही हे कलम मनावर घ्यावं.

आणि इथे कायदा खरोखरच अडखळतो, हेही सांगितलं पाहिजे. सतरा वर्षांच्या दोघांचं राजीखुशीचं प्रेमप्रकरण असलं तरी पॉक्सोला अठराखालची संमती मान्य नाही. म्हणजे वर्दीची सक्ती तिथेही लागू. त्यामुळे दिवस गेलेल्या मुली दवाखान्यात जायला घाबरतात. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यातून थोडी वाट काढली : अशा वेळी गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास, पोलिसांना कळवताना तिचं नाव उघड करण्याची गरज नाही. प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. पण या अडचणीचा आधार घेऊन नऊ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत गप्प बसणारेही मी ऐकले आहेत.

बघणारी मुलंच असतील तर?

दादागिरीचे बहुतेक प्रसंग मुलांसमोरच घडतात. कॅनडात संशोधकांनी शाळेच्या मैदानावर कॅमेरे आणि माइक लावून निरीक्षण केलं होतं, त्याचे निष्कर्ष २००१ मध्ये आले. दहांतल्या जवळजवळ नऊ प्रसंगांत बाकीची मुलं हजर होती. मध्ये पडली ती पाचांतल्या जेमतेम एका प्रसंगात. पण जेव्हा पडली, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा दहा सेकंदांच्या आत प्रकार थांबला. दहा सेकंद.

मग ती मध्ये का पडत नाहीत, निदान येऊन सांगत का नाहीत? पहिलीपासून आपणच त्यांना “चुगल्या करू नकोस” शिकवलेलं असतं. खोडरबर पळवल्याची तक्रार घेऊन आलेल्या पोराला हाकललं की ते एक गोष्ट पक्की शिकतं : बाईंना सांगितलं की बाई वैतागतात. मोठी गोष्ट घडते तेव्हा ते तोच धडा वापरतं.

लिहायचं कसं?

मूल काही सांगू लागलं तर ऐकायचं. “नक्की असंच झालं ना? सरांनीच केलं ना?” असे उत्तर तोंडात घालणारे प्रश्न विचारायचे नाहीत. “कोणाला सांगणार नाही” असं वचन द्यायचं नाही, कारण ते मोडावं लागणार आहे. मग त्याच दिवशी, तारीख आणि वेळ घालून, मुलाच्याच शब्दांत लिहून ठेवायचं.

‘मुलीचे वर्तन संशयास्पद वाटते.’ ही नोंद कोणाच्याच उपयोगाची नाही. उलट तिने मुलीलाच आरोपी केलंय.

‘गुरुवार, चौथा तास. संगणककक्षात जायची रांग लागल्यावर ती बाकाखाली बसली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, “माझी खुर्ची शेवटची नको.” मी आणखी काही विचारलं नाही. याआधीचे तीन गुरुवार ती गैरहजर होती.’ ही नोंद उपयोगाची. हिच्यात आरोप नाही आणि निष्कर्षही नाही. वाचणाऱ्याला पुढे कुठे बघायचं ते कळतं.

“जुन्या गोष्टी आता उकरून काय मिळणार?”

पॉक्सोखालच्या गुन्ह्याची तक्रार करायला मुदत संपत नाही. मूल मोठं झाल्यावरही ती करता येते, हे केंद्र सरकारने २०१८ मध्ये स्पष्ट केलं. आमच्या शाळेतली गोष्ट मात्र पॉक्सोच्या आधीची. ते सर शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झाले. निरोपसमारंभाचे फोटो आमच्या वर्गाच्या ग्रुपवर आले, तेव्हा कोणीतरी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं आणि बाकी सगळ्या गप्प राहिल्या. मीही.

काही वर्षांपूर्वी गणिताच्या बाईंना भेटायला गेले होते. निघताना धीर करून विचारलं, “बाई, तुम्ही आम्हाला दोघी जा म्हणायचात, आठवतं?”

“आठवतं तर,” त्या म्हणाल्या. “माझ्या वर्गातल्या एकाही मुलीला मी कधी एकटीला पाठवलं नाही.”

“आणि ब तुकडीतल्या?”

त्या जरा थांबल्या. म्हणाल्या, “त्यांच्या बाई वेगळ्या होत्या ना गं.”